पोरं राखणारीचा दर

माखोत्सो म्हणजे खोत्सोची, शांतीची आई. लग्न होऊन सासरी आली त्याच दिवशी सासऱ्यानं हे नाव ठेवलं. पोर व्हायला अजून तीन वर्षं अवकाश होता. आमच्याकडं असंच असतं, आधी आईचं नाव ठरतं आणि मग पोरानं त्या नावानं यायचं. सासरा आता हयात नाही. असता, तर भाड्याच्या खोल्यांच्या लायनीतल्या बायांनी त्याला एकदा तरी विचारलं असतं, की बाबा, नाव ठेवण्याआधी सुनेला दोन शब्द बोलायला तरी लावायचे होतेस! कारण आमच्या मापुत्सो गावच्या नळावर माखोत्सो उभी राहिली की शांती तिथून काढता पाय घ्यायची.

पहाटे साडेपाचला तिचं दार वाजायला लागे. कारखान्याचा भोंगा सातला, पण गेटापर्यंत पायी पाऊण तास. एकेक आई यायची, पाठीवरचं ब्लँकेट सोडायची, पोर माखोत्सोच्या हातात द्यायची आणि निघता निघता 'म्मे', म्हणजे आई, अशी हाक मारून सूचना सोडायची.

"म्मे, रात्रभर खोकत होता गं."

"खोकत होता तर टोपी कुठंय? तुझ्या डोक्यावर आहे, त्याच्या डोक्यावर नाही! काढ, दे इकडं."

त्या आईला गुमान टोपी काढून द्यावी लागे. उघड्या डोक्यानं, कुडकुडत ती कारखान्याला जायची. पण माखोत्सोच्या खोलीत पोराला सर्दी झाली, असं तेवीस वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं.

तिच्याकडं नऊ पोरं होती. एक खोली, भिंतीला टेकवलेल्या दोन गाद्या, रॉकेलची शेगडी, आणि ती शेगडी कुणी ओढू नये म्हणून भोवती उलटी घातलेली एक पलंगाची चौकट. सकाळी ज्वारीची आंबील, दुपारी मक्याचा घाटा आणि पालेभाजी, तीही वाटून. पहाटे साडेपाच ते संध्याकाळी सहा. एका पोरामागं महिन्याला अडीचशे मालोटी, त्यातच आंबील, त्यातच रॉकेल. आणि ओव्हरटाइम लागला तर आई आठला यायची आणि म्हणायची, "म्मे, देव तुझं भलं करो." देव करायचा तेवढंच तिचं भलं व्हायचं.

दुपारचं मोठं काम म्हणजे कुंपण. साडेबाराला कारखान्याची जेवणाची सुट्टी. मोठी पोरं शेजारणीवर सोपवून, अंगावर पिणाऱ्या पोरांना पाठीशी बांधून राखणाऱ्या बाया तारेच्या कुंपणापाशी रांगेनं जाऊन बसत. आया आतून धावत येत, गेटाजवळच्या फटीतून पोर आत घेत, वीस मिनिटं पाजत, परत देत. पहारेकरी तोंड फिरवून उभा राही. त्यात लिनेओचा तुमेलो म्हणजे एक नंबरचा हट्टी. पाच महिन्यांचा झाला तरी बाटली तोंडात घेईल तर शपथ! ऊन असो, बर्फाचा वारा असो, माखोत्सो त्याला घेऊन रोज कुंपणाशी हजर.

तिला कुंपण नवं नव्हतं. एकेकाळी ती आतल्या बाजूला होती. सहा वर्षं तिनं जीन्सच्या खिशांना टीप मारली. खोत्सो पोटात होता तेव्हा पाचव्या महिन्यापासून शेवटपर्यंत ब्लँकेटखाली लपवला, कारण पोट दिसलं की गेटावरचा माणूस "तू उद्या ये" म्हणायचा आणि तो उद्या कधी उगवायचा नाही. बाळंत झाल्यावर रीतीप्रमाणं दाराशी बोरूची काडी खोवली, आत बाळंतीण आहे, कुणी पुरुषानं येऊ नये म्हणून. अकराव्या दिवशी तिनं स्वतःच्या हातानं ती काडी उपटली. सासू किंचाळली, "अगं, हात झडेल तुझा!" माखोत्सो म्हणाली, "झडला तर झडला. पगार दुसऱ्या हातानं घेईन." छातीवर पिठाच्या पोत्याची पट्टी आवळून ती कामाला गेली. तिसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला दूध पट्टीतून, सदऱ्यातून, खालच्या कापडावर ओघळलं. सुपरवायझरनं पाहिलं आणि फार मायेनं सांगितलं, "घरी जा बाई, पोराला पाज." पुन्हा घेतलं नाही. त्याला अजून वाटत असेल, आपण पुण्य केलं.

ती खोत्सोला घेऊन घरी बसली. आठवड्यानं शेजारीण म्हणाली, "बसलीच आहेस, तर माझा पण धर." बसलीच आहेस! त्या एका शब्दावर तेवीस वर्षं गेली. खोत्सो मोठा झाला, नदीपलीकडं, दुसऱ्या देशात, चेरीच्या बागेत कामाला लागला, आणि माखोत्सो अजून बसलीच होती. नऊ जणांना एकाच वेळी घेऊन कुणी बसून दाखवावं!

त्या हिवाळ्यात पगाराची गोष्ट निघाली. सरकार किमान पगाराचा नवा कागद काढणार होतं आणि त्याआधी गावोगाव लोकांचं मत विचारणार होतं. झालं! मत ही अशी चीज आहे, की ज्याला पोर नाही त्याच्याकडं पोरांबद्दल भरपूर असतं आणि ज्याला काम नाही त्याच्याकडं कामाबद्दल. टॅक्सीत मत, चर्चमध्ये मत, बिअरच्या घरात तर मतांचा महापूर. रेडिओवर रोज दुपारी लोक फोन करून बोलायचे आणि माखोत्सो एका हातानं घाटा भरवत दुसऱ्या हाताचं बोट रेडिओवर रोखून उत्तरं द्यायची.

"पगार वाढला तर कारखाने देश सोडून जातील," रेडिओ म्हणायचा.

"जाऊ देत. पण जाताना मशिनी डोक्यावर घेऊन जायला त्यांना बाया लागतील, तेव्हा कळेल."

"आईची जागा घरात आहे. मुलं बिघडतात."

"कुठलं बिघडलं? आण इकडं! नऊ आहेत माझ्याकडं, एक बिघडलेलं दाखव!"

तेवढ्यात तुमेलो घाटा थुंकायचा, आणि ती म्हणायची, "तू गप. तुझं मत कुणी विचारलं नाही."

लिनेओ ही कारखान्यातल्या बायांची पुढारी. सव्वीस वर्षांची, नवऱ्याविना, जिभेला धार. माखोत्सोला तिच्यात आपली तरुणपणची सावली दिसायची, म्हणून तिच्यावर जीवही होता आणि रागही. एका रविवारी ती जुना पगाराचा कागद घेऊन खोलीवर आली. शनिवारी मोरेनाच्या, म्हणजे गावप्रमुखाच्या, अंगणात पित्सो होती, अख्ख्या गावाची बैठक. राजधानीहून, मासेरूहून, साहेब येणार, मत लिहून नेणार.

"म्मे, तू यायचंस आणि आमच्या बाजूनं ओरडायचंस. तुझ्याइतका आवाज कुणाचा नाही."

"ओरडते की. आधी वाच बघू त्या कागदावर काय काय आहे."

लिनेओनं वाचलं. मशीनवाली, इतके. कापणारा, इतके. इस्त्रीवाला, झाडूवाली, गेटाचा पहारेकरी, इतके इतके.

"संपलं?"

"संपलं."

"आणि मी कुठंय?"

लिनेओ हसली. तिला वाटलं थट्टा आहे. माखोत्सोच्या चेहऱ्याकडं पाहून हसू आवरलं.

"पहारेकऱ्याचा दर आहे," माखोत्सो म्हणाली. "तो गेट राखतो. मधेमधे झोपतो पण. गेट रडत नाही, हगत नाही, त्याला ताप येत नाही. मी तुमची पोरं राखते. माझी एक ओळ घाला त्या कागदात. पोर राखणारी, एका पोरामागं इतके. मग बघ कशी ओरडते."

"म्मे, आत्ता नको गं असं. फाटे फुटतील. आधी आमचं होऊ दे, मग तुझं बघू."

"आधी आमचं, मग तुझं! हे मी तुझ्या वयाच्या पोरीकडून ऐकत नाहीये फक्त, तुझ्या आईकडूनही ऐकलंय. तुलाही मीच राखलं होतं, विसरलीस?"

"नाही विसरले! पण आणू कुठून मी? अडीचशे देताना माझा जीव जातो. तुझा दर ठरला तर जेवढे मला वाढतील तेवढे तुलाच द्यावे लागतील. मग मी लढले कशाला?"

"म्हणजे तुझा पगार पुरतो तो माझ्या पोटावर. मालक तुला कमी देतो, तू मला कमी देतेस. आणि मी कुणाला कमी देऊ? तुमेलोला आंबील अर्धी देऊ?"

लिनेओ चिडली. चिडलेलं माणूस मनातलं बोलतं. "अगं, पोरं सांभाळणं हे काय काम आहे? ते कुणीही करतं! डोंगरातून पोरी येतात, शंभरात राहतात. बायकांच्या अंगातच असतं ते."

माखोत्सोनं उठून दार उघडून धरलं. तेव्हा लिनेओला कळलं, की आपण फार पुढं गेलो. पण शब्द परत घ्यायचा हिय्या तिलाही झाला नाही.

त्या रात्री माखोत्सो रडली. संतापानं रडली, हे सांगायलाच हवं. सकाळी तोंड धुऊन ती लायनी-लायनींतून फिरली. मापुत्सोत राखणाऱ्या बाया चौदा. बहुतेकींना ओळीबिळीची भीतीच वाटली. केनेउवे म्हणून बावीस वर्षांची एक डोंगरातली पोर होती. स्वतःचं मूल आईकडं टाकून इथं दुसऱ्यांची तीन सांभाळायची. ती म्हणाली, "म्मे, आया चिडल्या आणि पोरं काढून नेली तर? मी घरी काय पाठवू?"

"माझीही नेतील," माखोत्सो म्हणाली. "नऊच्या नऊ नेतील कदाचित. घरमालक मोखेथी भाड्यासाठी दाराला कुलूप घालेल. पण हा कागद एकदाच निघतो गं. यात आपण नसलो तर पुढची कित्येक वर्षं आपण बसलेल्याच. तू ये. बोलायचं मी बघते. पित्सोत बोललेल्या शब्दाला शिक्षा नसते, हा आपल्या बापजाद्यांचा कायदा आहे. तो काय फक्त मिशीवाल्यांसाठी केलाय का?"

आठवडाभर लिनेओ पोर द्यायची, घ्यायची, पण दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. मधल्यामधे तुमेलो दोघींकडं बघून हसायचा.

शनिवार उजाडला. डोंगरावर बर्फ, अंगणात ऊन. शनिवारी कारखाना एकला सुटतो, म्हणून दुपारचं कुंपण नसतं. पण त्या दिवशी सुपरवायझरनं मुद्दाम म्हणा की कसं, बायांना पावणेदोनपर्यंत अडकवून ठेवलं. त्या सुटल्या त्या धावतच तडक पित्सोला. राखणाऱ्या बाया पोरं पाठीवर घेऊन, हाताला धरून आधीच येऊन मागं बसल्या होत्या. लिनेओला लगेच पुढं बोलावलं. तुमेलो माखोत्सोच्या पाठीवर झोपलेला होता, सकाळपासूनचा उपाशी.

आमची मोरेना म्हणजे जुन्या मोरेनाची विधवा. बाई असली तरी हाक मोरेनाच. ती उठली, सगळे उठले. "खोत्सो! पुला! नाला!" शांती, पाऊस, सुबत्ता, असा तीनदा गजर झाला आणि मासेरूचे साहेब, न्ताते, म्हणजे बाबा, मोलिसे यांनी छापील कागद उघडला. त्यावर तीन प्रश्न होते. पगार वाढवावा का? लहान मुलांच्या आयांनी कारखान्यात काम करावं का? आणखी कुठलं काम पगाराच्या कागदात घालायचं का? दुसरा प्रश्न खरंच तसा छापला होता. लहान मुलांच्या बापांबद्दल काही नव्हतं.

पहिल्यावर लिनेओ बोलली आणि फक्कड बोलली. एक जीन्स नदीपलीकडं कितीला विकतात आणि त्यातलं शिवणारीला काय मिळतं, हे ऐकून म्हाताऱ्यांनीसुद्धा "चक् चक्" केलं. वाढवावा, म्हणून सगळं अंगण ओरडलं.

दुसऱ्यावर न्ताते मोखेथी उठला. पूर्वीचा खाणकामगार, सोन्याचा दात, काठी. लायनीतल्या अठ्ठावीस खोल्या त्याच्या. तो घसा साफ करून म्हणाला, "आपले पूर्वज सांगून गेलेत, पोराची आई सुरी पात्यानं धरते. म्हणजे काय? पोरासाठी आई हात कापून घेते. आणि आजची आई? पोर टाकून पैशामागं धावते. पगार वाढवा, जरूर वाढवा, पण बापाचा वाढवा! आईनं घरी बसावं."

पुरुषांच्या बाजूनं बऱ्याच टोप्या हलल्या. माखोत्सो उठली.

"मोरेना, बोलू?"

"बोल, माखोत्सो. पण जरा बेतानं."

"बेतानंच बोलते. न्ताते मोखेथी, सुरी आम्ही पात्यानं धरतो, मान्य. बघा, हात कापलेलेच आहेत. पण पातं आमच्या हातात, तर मूठ कुणाच्या हातात असते?"

अंगणात हास्याचा फवारा उडाला. बायांनी जिभा हलवून आरोळी दिली.

"आणि दुसरं. उद्या सगळ्या आया घरी बसल्या, तर तुमच्या अठ्ठावीस खोल्यांचं भाडं कोण देणार? बाप? बाप कुठंयत, नावं सांगा! सोमवारी मी स्वतः जाऊन वसूल करून आणते."

मोखेथीचा सोन्याचा दात दिसेनासा झाला. मोलिसेसाहेबांनी हसू दाबत लिहिलं, आयांनी काम करावं. तिथंच ती खाली बसली असती तर लायनीतल्या बायांनी तिला खांद्यावर घेऊन घरी पोचवलं असतं. पण ती बसली नाही.

"तिसऱ्या प्रश्नावर पण मलाच बोलायचंय. पोर राखणारीची ओळ घाला. आया कामावर जाव्यात असं सगळ्यांनी आत्ता म्हटलं ना? त्या जातात कुणाच्या जिवावर?"

आरोळी देणाऱ्या बायांतूनच कुणीतरी पुटपुटलं, "झालं, हिनं घाण केली." मोखेथीनं मात्र कान टवकारले. तो पुन्हा उठला, फार गोड आवाजात.

"साहेब, या बाईचं मला पटतं. लिनेओ मघाशी मालकाला चोर म्हणाली. तिला विचारा, ती आपल्या पोराच्या राखणदारणीला काय देते?"

सगळ्यांच्या माना वळल्या. लिनेओ लालबुंद. "अडीचशे," ती म्हणाली. म्हटलं तेव्हा मान खाली नव्हती, हे तिच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. "त्याहून जास्त माझ्याकडं नाहीत. ओळ घातली तर निम्म्या बाया पोरं बांधून घरी बसतील. म्हणून मी म्हणते, आत्ता नको."

आता गलका झाला. कुणी इकडून, कुणी तिकडून. मोरेनानं हात वर केला, पण मोलिसेसाहेबांना आकडा हवा होता; कागदावर चौकोन होता तो भरायचा होता. ओळ हवी त्यांनी कोरफडीच्या कुंपणाकडं जावं, नको त्यांनी भिंतीकडं. प्रत्येकाचं नाव कागदावर टिपायचं आणि बाहीवर खडूची रेघ मारायची, म्हणजे कुणी दोनदा मोजला जाणार नाही. एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "पित्सोत डोकी मोजत नाहीत, मेंढरं मोजतात!" पण साहेबांनी खडू काढला होता.

चौदा बाया उठल्या. केनेउवेसुद्धा उठली. पाठीवर पोरं घेऊन त्या कोरफडीकडं गेल्या. दोन-चार म्हाताऱ्या त्यांच्यामागं गेल्या, बस्स. भिंतीकडं सगळा कारखाना, आणि मघाशी पटतं म्हणणारा मोखेथीही. आणि मग लोकांच्या लक्षात आलं, की आया एकीकडं उभ्या आहेत आणि त्यांची पोरं दुसरीकडं.

तेवढ्यात तुमेलो जागा झाला.

त्याचं रडणं साधं नव्हतं. सकाळपासूनची भूक होती. माखोत्सोनं थोपटलं, झुलवलं, बोट तोंडात दिलं. त्यानं बोट थुंकलं आणि आणखी वरची पट्टी लावली. पलीकडं भिंतीपाशी लिनेओनं छातीवर हात आवळून धरले. सदऱ्यावर दोन ओले डाग पसरत चालले होते. साहेब खडू घेऊन भिंतीकडूनच मोजायला लागले होते. आधी मोखेथी, मग त्याच्या रांगेतले पुरुष. लिनेओ हलली तर तिची माणसं फुटणार. माखोत्सो हलली तर तिच्या तेरा जणींना काय वाटणार? केनेउवे तिच्या दंडाला धरून कुजबुजली, "म्मे, थांब. मोजून होऊ दे. पाच मिनिटांनी काही मरत नाही."

पाच मिनिटांनी काही मरत नाही, हे खरंच होतं. शंभरेक माणसं मोजून व्हायला कितीसा वेळ! माखोत्सोनं डोळे मिटले. तेवीस वर्षांचा राग एका बाजूला, आणि मानेवर गरम श्वास टाकत टाहो फोडणारं ते पोर दुसऱ्या बाजूला. तिच्या तोंडून एक सणसणीत शिवी गेली. कुणाला ते तिलाच ठाऊक. आणि ती निघाली.

अख्खं अंगण तिरकं चालत ती भिंतीकडं गेली. छातीवरची पिन काढली, ब्लँकेट सोडलं, तुमेलोला लिनेओच्या हातात दिलं. "धर. डावीकडून पाज आधी, डाव्या कुशीवर त्याचं पोट दुखतं." पोर लुचायला लागलं.

साहेब रांगेनं येत होते. समोर बाही दिसली, त्यांनी रेघ मारली. निळी रेघ, माखोत्सोच्या डाव्या दंडावर. नको म्हणणाऱ्यांत एक.

केनेउवे कोरफडीपासून ओरडली, "साहेब! ती आमची आहे!"

साहेब गोंधळले. मग त्यांनी खडू लिनेओच्या बाहीकडं नेला. लिनेओनं हात मागं घेतला.

"थांबा," ती म्हणाली.

तिनं माखोत्सोकडं पाहिलं. माखोत्सो रिकामं ब्लँकेट झटकून घडी घालत होती, जणू रोजच्या कुंपणापाशी उभी आहे. लिनेओनं पोर सावरलं. ती पाजत पाजतच चालू लागली, कोरफडीकडं. मध्यावर थांबून मागं वळली आणि बायांवर खेकसली, "बघताय काय? तुमची पोरं कुणाकडं आहेत? चला!"

एक गेली. मग दोघी. मग चाळीसएक एकदम. सगळ्या नाही गेल्या. काहीजणी भिंतीपाशीच राहिल्या, आणि त्यांचंही खोटं नव्हतं, अडीचशेचं गणित त्यांच्याही घरी होतंच. पण साहेबांनी कोरफडीकडची रेघ मारून संपवली तेव्हा आकडा एकसष्ट होता आणि भिंतीकडचा छत्तीस. मोरेना उठून म्हणाली, "पित्सोचं मत ठरलं. पोर राखणारीची ओळ मासेरूला जाईल." आरोळ्यांनी पत्रे हलले.

मोलिसेसाहेब कागद घेऊन माखोत्सोकडं आले. ती अजून भिंतीपाशीच होती, मोखेथीच्या शेजारी. तिच्याशेजारी वाटलं तितकं अवघडलेलं त्याला आयुष्यात कुणाशेजारी वाटलं नसेल.

"म्मे, तुमचं नाव चुकून विरोधात गेलंय. मी खोडतो. पस्तीस करतो."

"खोडू नका."

"अहो, पण हा ठराव तुमचाच!"

"माझाच. म्हणूनच सांगते, खोडू नका. तिकडं मासेरूत कुणीतरी शहाणा विचारेलच, की पोरं राखणं हे काय काम आहे, कुणीही करतं. त्याला हे नाव दाखवा. सांगा, या बाईला आपली ओळ हवी होती, तेवीस वर्षं हवी होती. मोजणी चालू होती, आणि ती आपली जागा सोडून विरोधात जाऊन उभी राहिली. का, असं तो विचारेल. त्याला सांगा, पोर भुकेलं होतं. याला काम म्हणतात. कुणीही करतं म्हणणाऱ्याला म्हणावं, ये आणि कर."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. छत्तीस तसाच राहिला.

"आणि नाव नीट लिहा," माखोत्सो म्हणाली.